जाणाऱ्याची नोंद

लोकसंख्येचा हिशेब ठेवण्याच्या नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्या टेबलावर दोन याद्या असायच्या आणि हातात लाल पेन. दोन्ही याद्या त्याच घरांच्या, त्याच सहा महिन्यांच्या: कोण जन्मलं, कोण गेलं. एक यादी तिथेच राहणाऱ्या नोंदकर्त्याची, घटना घडेल तशी लिहिलेली. दुसरी पर्यवेक्षकाची. तो सहा महिन्यांनी येऊन, पहिली यादी न बघता, घरोघर विचारून ती तयार करायचा. जोड्या लावायचं काम माझं. दोन्हीकडे सापडली की बरोबरची खूण, एकीकडेच सापडली की गोल. गोल केलेल्या प्रत्येक नोंदीसाठी कुणीतरी पुन्हा त्या घरी जायचं.

एक गोल मला अजून आठवतो. नोंदकर्त्याच्या यादीत मुलाचा जन्म होता, पर्यवेक्षकाच्या यादीत त्या घरात काहीच नव्हतं. फेरतपासणीत कळलं की मूल तीन दिवस जगलं होतं. पर्यवेक्षकाने विचारलं, "घरात लहान मूल आहे का?" घरच्यांनी सांगितलं, "नाही." उत्तर खरंच होतं. मी त्या ओळीत एक जन्म आणि एक मृत्यू लिहिला. एकूण लोकसंख्येच्या हिशेबात त्या मुलाने काहीच फरक पडत नाही, एक मिळवला आणि एक वजा केला. पण अर्भकमृत्यूचा दर अशाच नोंदींवर उभा असतो, आणि नेमक्या याच नोंदी सगळ्यात आधी निसटतात.

दोन याद्यांची ही पद्धत सी. चंद्रशेखरन आणि डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग या संख्याशास्त्रज्ञांनी १९४९ मध्ये मांडली. त्यासाठी वापरलेली माहिती कोलकात्याजवळच्या सिंगूरची होती. हिशेब इतका साधा आहे की पहिल्यांदा समजला तेव्हा मी तो चार वेळा करून पाहिला. समजा पहिल्या यादीत ९० जन्म आहेत, दुसऱ्या यादीत ८० आणि दोन्हीकडे सापडलेले ७२. म्हणजे दुसऱ्या यादीतल्या ८० पैकी ७२, अर्थात ९० टक्के, पहिलीने पकडले. मग पहिलीची पकडच ९० टक्के आहे असं धरायचं. तिच्याकडे ९० आहेत, तर खरे जन्म १००. दोन्ही याद्या मिळून नावं होतात ९८. उरलेले दोन कुणालाच दिसले नाहीत, तरीही ते आहेत हे आपल्याला कळतं! भारताची नमुना नोंदणी पद्धती १९६९-७० पासून देशभर याच दुहेरी नोंदीवर चालते. जन्मदर, मृत्यूदर आणि अर्भकमृत्यूदर तिच्यातूनच येतात.

एक अट मात्र आहे. दोन्ही याद्यांच्या चुका एकमेकींशी बांधलेल्या नसाव्यात. एकाला जे घर सापडत नाही तेच दुसऱ्यालाही सापडत नसेल, तर ते दोनाचे पाच असू शकतात आणि सूत्र गप्प बसतं. म्हणून पर्यवेक्षकाने आधीची यादी 'सोयीसाठी' बघितली की माझा संताप व्हायचा. जुळणी सुंदर दिसायची आणि पद्धतीचा जीवच गेलेला असायचा.

दोन जनगणनांच्या मधल्या वर्षांचा ताळेबंद एका ओळीत मावतो. मागची लोकसंख्या, अधिक जन्म, वजा मृत्यू, अधिक आलेले, वजा गेलेले. वयाचा हिशेब आपोआप पुढे सरकतो, गेल्या वर्षीचे चोवीस वर्षांचे यंदा पंचविशीच्या रांगेत जातात. जन्माला कागद असतो. मृत्यूलाही बऱ्याच देशांत असतो. येणाऱ्यालाही तो लागतोच: घर भाड्याने घ्यायला, नोकरीला, मुलांच्या शाळेला, दवाखान्यात नाव घालायला. जाणारा माणूस मात्र कुलूप लावतो आणि निघतो. निघताना कार्यालयात जाऊन 'मी चाललो' असं सांगण्याने त्याच्या पदरात काहीच पडत नाही. वीसेक वर्षं या कामात काढल्यावर मला वाटतं, दोन जनगणनांमधल्या अंदाजांची सगळ्यात मोठी अडचण हीच आहे. बाकीच्या अडचणी मेहनतीने सुटतात.

जर्मनीत राहणाऱ्याने पत्ता नोंदवावा आणि देश सोडताना ती नोंद काढून घ्यावी असा कायदा आहे. तिथला लोकसंख्येचा आकडा जुन्या जनगणनेवर जन्म, मृत्यू आणि पत्त्यांचे बदल चढवत चालायचा. पश्चिम जर्मनीची शेवटची गणना १९८७ ची होती, पूर्व जर्मनीची १९८१ ची. मग थेट २०११ ची आली, आणि निघाले ८ कोटी २ लाख. पुढे चालवत आणलेल्या आकड्यापेक्षा सुमारे १५ लाख कमी. त्यांतले जवळपास ११ लाख परदेशी नागरिक होते, म्हणजे बहुतेक कधीतरी परत निघून गेलेले आणि कागदावर तिथेच राहिलेले. एकट्या बर्लिनचे सुमारे १ लाख ८० हजार लोक कमी झाले. राज्यांना मिळणारा पैसा माणशी ठरतो, म्हणून बर्लिन आणि हांबुर्ग घटनात्मक न्यायालयापर्यंत गेले. २०१८ मध्ये त्यांच्या याचिका फेटाळल्या गेल्या. इतक्या शिस्तीच्या नोंदणीचं हे झालं, हे मी नव्याने रुजू झालेल्या प्रत्येकाला आवर्जून सांगायचे.

इंग्लंड आणि वेल्सचं उदाहरण मला जास्त शिकवून गेलं, कारण तिथे चूक दोन्ही दिशांना झाली. तिथे सक्तीची पत्ता-नोंदणी नाही. विमानतळांवर आणि बंदरांवर प्रवाशांना थांबवून मुलाखती घेणारी एक पाहणी १९६१ पासून चालू होती. ती मुळात पर्यटन आणि खर्च मोजायला सुरू झालेली, स्थलांतराचं ओझं तिच्यावर नंतर आलं. मुलाखती लाखोंनी व्हायच्या, पण त्यांत वर्षापेक्षा जास्त राहायला आलेले किंवा निघालेले मोजकेच हजार. तेवढ्यांवर सगळ्या देशाचा स्थलांतराचा आकडा तोललेला. २००१ च्या जनगणनेत अपेक्षेपेक्षा माणसं कमी निघाली, विशेषतः तरुण पुरुष. त्यांतले बरेच देश सोडून गेले होते आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पुढच्या दहा वर्षांत उलट झालं. २००४ मध्ये युरोपीय संघात नवे देश आले, त्यांचे लोक स्वस्त विमानांनी लहान विमानतळांवर उतरू लागले, आणि मुलाखतकार अजून मोठ्या विमानतळांवरच जास्त होते. २०११ च्या जनगणनेनंतर हिशेब लागला तेव्हा सगळ्या ब्रिटनचं दशकभराचं निव्वळ स्थलांतर, म्हणजे आलेले वजा गेलेले, ३ लाख ४६ हजारांनी कमी धरलं गेल्याचं दिसलं.

तरुण पुरुष हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. देशांतर्गत हालचाल मोजायला तिथे दवाखान्यांतल्या रुग्णनोंदणीचा आधार घेतात: नाव एका गावच्या डॉक्टरकडून दुसऱ्या गावच्या डॉक्टरकडे गेलं की माणूस हलला असं धरायचं. लहान मुलं असलेल्या आया नाव लगेच बदलतात. चोवीस वर्षांचा मुलगा आजारीच पडत नाही, मग तो तीन-तीन शहरं बदलतो आणि नोंदीत विद्यापीठाच्या गावातच राहतो. त्यामुळे विद्यापीठांच्या शहरांत कागदावर तिशीतल्या पुरुषांची गर्दी साठत जाते. कुठल्याही देशाचा नवा अंदाज हाती आला की मी आजही आधी वीस ते चौतीस वयाचे पुरुष आणि त्याच वयाच्या स्त्रिया शेजारी ठेवून बघते. रोग असेल तर तिथे दिसतो.

न्यूझीलंडने नोव्हेंबर २०१८ मध्ये देश सोडताना भरायचं कार्ड बंद केलं. त्या कार्डावर प्रवासी 'किती काळासाठी जाताय' याचं उत्तर लिहायचा, आणि माणसाच्या बेतांचं काय सांगावं! आता सीमा ओलांडल्याच्या नोंदी जोडून बघतात: पुढच्या १६ महिन्यांत मिळून १२ महिने देशात राहिला तर तो आला, १२ महिने बाहेर राहिला तर तो गेला. माणसाने काय ठरवलं होतं ते न विचारता तो प्रत्यक्षात कुठे राहिला ते मोजायचं. मला हा बदल मनापासून पटतो. त्याची किंमत एकच, वाट बघणं. खरं उत्तर १६ महिन्यांनी मिळतं. तोवर प्रसिद्ध होतं ते हंगामी, म्हणजे आधीच्या प्रवाशांच्या वागण्यावरून बांधलेलं अनुमान.

हे लोकांना समजावून सांगणं मला कधीच नीट जमलं नाही, आणि याची खंत आहे. आकडा सुधारला की 'आधी खोटं बोलले' असा आरडाओरडा होतो. ब्रिटनने मार्च २०२० मध्ये साथीमुळे विमानतळावरच्या मुलाखती थांबवल्या, आणि स्थलांतराचा हिशेब पुढे व्हिसा, कर आणि सरकारी लाभांच्या नोंदींवर बेतला. जून २०२३ ला संपलेल्या वर्षाचं निव्वळ स्थलांतर नोव्हेंबर २०२३ मध्ये ६ लाख ७२ हजार सांगितलं गेलं, मे २०२४ मध्ये ७ लाख ४० हजार आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ९ लाख ६ हजार. तेवढ्या अवधीत नोंदी पुऱ्या होत गेल्या, पद्धत सुधारली, आणि कोण थांबलं, कोण गेलं हे अंदाजाऐवजी दिसू लागलं. दुरुस्ती लपवली असती तर मी आरडाओरडा करणाऱ्यांत सामील झाले असते.

मोबाइलच्या जागांवरून किंवा समाजमाध्यमांवरून स्थलांतर मोजायचे प्रयोगही मी वाचते. महापुरानंतर आठवड्याभरात लोक कुठे सरकले हे बघायला ते उपयोगी आहेत. पण फोन म्हणजे माणूस नव्हे. लहान मुलाकडे फोन नसतो आणि एकेकाकडे दोन असतात.

माझ्या फाइलमध्ये जुना आकडा मी कधीच पुसत नाही. ब्रिटनच्या त्या एका वर्षाच्या ओळीत तीन रकाने आहेत, प्रत्येकावर प्रसिद्धीची तारीख. पुढच्या दुरुस्त्या त्याच ओळीत उजवीकडे जातात.