लातूरच्या पाण्यावर प्रवाळांची टाकी आणि शेवाळाचा बंदोबस्त

खाऱ्या पाण्याच्या टाकीत शेवाळ माजले की बहुतेक जण आधी दिव्यांचे तास कमी करतात, मग माशांचे खाणे तोडतात आणि शेवटी औषधाच्या बाटलीकडे वळतात. टाकीत रोज ओतल्या जाणाऱ्या गोड्या पाण्याचा विचार मात्र सर्वांत उशिरा होतो. लातूरमध्ये आमच्या घरी दोनशे लिटरची रीफ टाकी, म्हणजे प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. तिच्यात मऊ प्रवाळ, झोअँथिड (प्रवाळांचे फुलांसारखे दिसणारे नातेवाईक) आणि मशरूम प्रवाळ वाढतात. या टाकीच्या अनुभवावरून मला ठामपणे वाटते की, मराठवाड्यात शेवाळाचा निम्म्याहून अधिक प्रश्न पाणी तयार करतानाच सुटतो किंवा बिघडतो.

आमच्याकडे पाणी एका ठिकाणचे नसते. मांजरा धरणाचे नळाचे पाणी काही दिवसांआड येते, ते पुरले नाही की बोअर, आणि बोअर आटला की टँकर. २०१६ च्या एप्रिलमध्ये तर या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. टँकर कोणत्या शिवारातील विहिरीवर भरला गेला हे आपल्याला कळत नाही आणि त्या विहिरीत आसपासच्या शेतांतील युरियाचे, शेवाळालाही खत ठरणारे नायट्रेट किती झिरपले आहे हेही कळत नाही. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम ठरवली आहे, तर प्रवाळांच्या टाकीत ते साधारण २ ते १० मिलिग्रॅमच्या दरम्यान असावे लागते. त्यामुळे माणसांना चालणारे पाणी प्रवाळांना चालेलच असे नाही.

यावर सर्वांचे उत्तर ठरलेले असते, ‘आमच्या घरी आरओ आहे.’ स्वयंपाकघरातील आरओ यंत्र प्रवाळांसाठी बनवलेले नसते. पाण्याला चव यावी म्हणून त्यात बहुधा टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) कंट्रोलर बसवलेला असतो आणि तो मेम्ब्रेनमधून, म्हणजे क्षार अडवणाऱ्या पडद्यातून, न गेलेले थोडे कच्चे पाणी शुद्ध पाण्यात पुन्हा मिसळतो. वीस लिटरच्या जारमधील पाण्याचीही हीच गत असू शकते. मीटर लावला आणि टीडीएस ७०-८० दिसला, तर पिणाऱ्यासाठी ते उत्तम पाणी आहे, पण त्या आकड्यात नायट्रेट आणि सिलिका (वाळूतील मुख्य घटक) किती आहे हे मीटर सांगत नाही. शिवाय मेम्ब्रेन इतर क्षारांच्या मानाने नायट्रेट कमी प्रमाणात अडवते. टाकीसाठी कंट्रोलर पूर्ण बंद केलेले, मेम्ब्रेननंतर डीआय रेझिन (उरलेले क्षार धरून ठेवणारे दाणे) जोडलेले वेगळे यंत्र हवे आणि त्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा टीडीएस शून्य असायला हवा.

याचे महत्त्व किनाऱ्यापेक्षा आपल्याकडे अधिक आहे, कारण आपली हवा कोरडी आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपलीकडे जातो तेव्हा टाकीचे पाणी २६ अंशांच्या आसपास राखण्यासाठी चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) परवडला नाही, तर पाण्यावर पंखा लावला जातो. कोरड्या हवेत त्याचा परिणाम फार चांगला होतो, पण तो बाष्पीभवनाच्या जोरावर होतो आणि दिवसाला चार-चार लिटर पाणी उडून जाते. उडते ते केवळ पाणी. त्यात विरघळलेले सारे टाकीतच राहते. भर घातलेल्या पाण्यात लिटरला १५ मिलिग्रॅम नायट्रेट असेल, तर चार लिटरांबरोबर रोज ६० मिलिग्रॅम आत जाते, म्हणजे दोनशे लिटरच्या टाकीत रोज लिटरमागे ०.३ आणि महिन्याभरात ९ मिलिग्रॅम. माशांना दाणाही न घालता एवढे खत टाकीत पडते.

सिलिकाची कथाही अशीच आहे. आपल्या पायाखालच्या काळ्या बेसॉल्ट खडकात वजनाने जवळपास निम्मी सिलिका असते आणि त्याच्या भेगांतून आलेले बोअरचे पाणी विरघळलेली सिलिका घेऊन येते. वाळूवर आणि काचेवर धुळीसारखा पसरणारा तपकिरी थर म्हणजे डायाटम हे सूक्ष्म शेवाळ. त्यांचे कवच सिलिकाचे असते. नव्या टाकीत हा थर येतो आणि जातो, त्याची काळजी करू नये. जुन्या टाकीत तो पुन्हा दिसू लागला तर मी सर्वांत आधी रेझिनकडे पाहतो. रेझिन संपत आले की सिलिका इतर क्षारांच्या आधी निसटते आणि ती वीज फारशी वाहत नसल्याने मीटरवर आकडा शून्यच दिसत राहतो. म्हणून एकामागे एक अशी दोन रेझिनची भांडी जोडावीत, पहिल्यातील रेझिन संपले की दुसरे त्याच्या जागी आणावे आणि नवे मागे लावावे. आरओ यंत्रातून एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन लिटर किंवा त्याहून अधिक पाणी बाहेर फेकले जाते. ते गटारात सोडणे लातूरमध्ये राहणाऱ्याला शोभत नाही. आमच्याकडे ते पिंपात साठते आणि आई त्यावर फरशी, अंगण आणि स्कूटर धुते. टाकीतून काढलेले खारे पाणी मात्र झाडांना किंवा मातीवर कधीही ओतू नये.

पाणी शुद्ध झाल्यावरही शेवाळ टिकून राहिले, तर शेवाळाचे दुसरे खत असलेल्या फॉस्फेटचा शोध घ्यावा. ते बहुतेक माशांच्या खाण्यातून येते. गोठवलेले मायसिस (माशांना घालतात ते कोळंबीसारखे बारीक जीव) धुऊन घातल्याने फार फरक पडतो असे मला वाटत नाही. आपण किती घालतो यावर सारे अवलंबून असते. येथे चाचणीचा आकडा फसवतो. खडकावर हिरवे केसाळ शेवाळ बोटभर वाढलेले असते आणि फॉस्फेट शून्य दिसते, कारण चाचणी उरलेले मोजते आणि शेवाळाने आपला वाटा आधीच उचललेला असतो. शिवाय टाकीतील चुनखडीयुक्त खडक फॉस्फेट शोषून ठेवतो आणि पाण्यातील प्रमाण घटले की ते हळूहळू परत सोडतो, त्यामुळे सगळे उपाय योग्य असूनही काही महिने फळ दिसत नाही. तेवढा धीर धरावाच लागतो.

खडकाविषयी आणखी एक बाब सांगायला हवी. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या परिशिष्टात आपल्या समुद्रातील दगडी प्रवाळ आणि समुद्रपंखे समाविष्ट आहेत; ते काढणे किंवा विकणे गुन्हा आहे. म्हणून टाकीसाठी समुद्रातील प्रवाळी खडकाऐवजी कारखान्यात बनवलेला खडक घ्यावा. तो सुरुवातीला निर्जीव असतो, त्यावर जिवाणू आणि गुलाबी कोरॅलाइन शेवाळ (खडकावर कवचासारखे चढणारे, हवेसे शेवाळ) बसायला वेळ लागतो आणि त्या मोकळ्या जागेवर नको ते शेवाळ आधी हक्क सांगते.

ती जागा राखण्यासाठी चरणारे जीव हवेत. १९८३ मध्ये कॅरिबियन समुद्रात डायाडेमा नावाच्या, लांब काळ्या काट्यांच्या सागरी अर्चिनांत रोग पसरला आणि वर्षभरात ९० टक्क्यांहून अधिक अर्चिन मेले. जमैकाच्या किनाऱ्यावर शेवाळ खाणारे मासे अतिमासेमारीने आधीच घटले होते. तेथे सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस निम्म्याहून अधिक तळ व्यापणारे प्रवाळ नव्वदीच्या सुरुवातीपर्यंत पाच टक्क्यांच्या खाली आले आणि त्यांची जागा शेवाळाने घेतली. आपल्या टाकीत हे काम शेवाळ खरवडणाऱ्या गोगलगाई आणि छोटे हर्मिट खेकडे (रिकाम्या शंखात राहणारे) करतात. शंखांच्याही काही जाती संरक्षित असल्याने खरेदीपूर्वी जात विचारून घ्यावी. सर्जन मासे उत्तम चरतात, पण दोनशे लिटरच्या टाकीत त्यांना कोंडणे मला पटत नाही.

लांब वाढलेले शेवाळ मात्र गोगलगाई खात नाहीत. ते हातानेच काढावे लागते. एअर पंपाच्या बारीक नळीच्या तोंडाशी जुना टूथब्रश रबराने बांधावा, दुसरे टोक बादलीत सोडावे आणि पाण्याचा ओढा सुरू झाल्यावर ब्रशने शेवाळाच्या मुळाशी घासावे. सुटलेला प्रत्येक धागा टाकीत तरंगण्याआधी नळीत ओढला जातो. बादलीच्या तोंडावर गाळणीची कापडी पिशवी अडकवली, तर शेवाळ पिशवीत राहते आणि खारे पाणी टाकीत परत घालता येते. धागे तसेच तोडून सोडले, तर ते दुसऱ्या खडकावर रुजतात. याच्या जोडीला मुख्य टाकीला जोडलेल्या खालच्या छोट्या टाकीत केटोमॉर्फा या धाग्यांसारख्या शेवाळाचा गुंता मुद्दाम वाढवावा. रात्री त्यावर दिवा ठेवावा आणि वाढलेला भाग नियमित काढून टाकावा, म्हणजे त्याबरोबर नायट्रेट आणि फॉस्फेटही बाहेर जाते.

व्हॅलोनिया या शेवाळाचे हिरवे फुगे न फोडता अख्खे उचलावेत. वाळूवर पसरणारा लालसर जांभळा, बुडबुड्यांनी भरलेला पापुद्रा म्हणजे सायनोबॅक्टेरिया, शेवाळासारखे दिसणारे जिवाणू. तो शोषून काढावा आणि त्या कोपऱ्यातील प्रवाह वाढवावा. त्यावर एरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक घालण्याच्या मी विरोधात आहे, कारण टाकी ज्या जिवाणूंच्या बळावर चालते त्यांनाही त्याची झळ पोहोचू शकते आणि उरलेले औषध शेवटी आपल्याच गटारात जाते.

इतके सारे केल्यावर आकडे शून्यावर नेण्याचा मोह होतो, तो टाळावा. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही संपले की प्रवाळ फिके पडतात आणि डायनोफ्लॅजेलेट हे एकपेशीय सूक्ष्मजीव डोके वर काढतात. शेंबडासारखे तपकिरी तंतू, टोकाशी बुडबुडे, दिवसभर वाढून रात्री विरळ होणारे आणि त्याच वेळी गोगलगाई मरू लागलेल्या, असे चित्र दिसले तर साफसफाई वाढवू नये. एक थेंब महाविद्यालयाच्या जीवशास्त्र प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शकाखाली पाहून खात्री करून घ्यावी, फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे काढून ठेवावेत, माशांचे खाणे थोडे वाढवावे आणि नायट्रेट ५ मिलिग्रॅमच्या, तर फॉस्फेट ०.०५ ते ०.१ मिलिग्रॅमच्या आसपास येईपर्यंत पाणी बदलणे थांबवावे.