बँकर न लावता चढणारा घाट: जर्मनीतले नऊ दिवस

बाबा मध्य रेल्वेत गार्ड होते. कर्जतला मागे बँकर (गाडीला मागून ढकलणारी जादा इंजिनं) लागायचे आणि गाडी धापा टाकत खंडाळ्याचा घाट चढायची, यात त्यांचा अर्धा जन्म गेला. त्यामुळे आई-बाबांना युरोप दाखवायचा ठरला तेव्हा 'सात दिवसांत पाच देश'वाल्या टूरचं पत्रक त्यांनी न उघडताच परत केलं. "बसमध्ये बसून बर्फ बघायचा?" एवढंच म्हणाले. मग मी सप्टेंबर २०२५ मध्ये दोघांना घेऊन दक्षिण जर्मनीत गेले. मुक्काम दोनच: स्टुटगार्ट आणि ब्लॅक फॉरेस्टमधलं ट्रीबर्ग.

जर्मनीच का, असं बऱ्याच जणांनी विचारलं. माझ्यापुरतं कारण एकच, डॉइचलांड-टिकेट. महिनाभराचा हा पास देशभरातल्या लोकल, रीजनल गाड्या, ट्राम आणि शहरातल्या बस अशा सगळ्यांना चालतो. आम्ही गेलो तेव्हा तो ५८ युरोंना होता, जानेवारी २०२६ पासून ६३ झालाय. आरक्षण लागत नाही. वाटेत एखादं गाव आवडलं की उतरायचं, पुढची गाडी पकडायची. लांब पल्ल्याच्या आयसीई आणि आयसीला मात्र तो चालत नाही, आणि तिथे चुकून चढलात तर दंडाची तयारी ठेवा. पास कॅलेंडरच्या महिन्याचा असतो, त्यामुळे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पोचू नका. प्रत्येकाच्या नावावर वेगळा घ्यावा लागतो आणि सोबत पासपोर्ट बाळगावा लागतो.

स्टुटगार्ट सुंदर आहे असं मी म्हणणार नाही. पण टेकड्यांच्या उतारावर, थेट शहराला लागून द्राक्षमळे आहेत. शिवाय १८८४ पासून चालणारी 'त्साके' नावाची दातेरी रुळांची छोटी गाडी आहे. तिच्या पुढच्या उघड्या डब्यात लोक सायकली ठेवतात आणि वर जाऊन उतारावरून सायकलने खाली येतात. त्या गाडीतून बाबा तीनदा वर गेले.

मला स्वतःला बघायचं होतं इथलं लीडरहाले हे सभागृह. १९०७ च्या ऑगस्टमध्ये इथल्या आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत मादाम कामांनी भारताचा झेंडा फडकवला. तो झेंडा आज पुण्यात केसरीवाड्यात आहे. जुनी इमारत दुसऱ्या महायुद्धात गेली, आता आहे ते १९५६ चं सभागृह. तिथे बघण्यासारखं फार काही नाही, तरी आई दहा मिनिटं पायरीवर बसून राहिली. तिने केसरीवाड्यातला गणपती पन्नास वेळा बघितलाय, झेंडा एकदाही नाही.

आता घाट. ऑफनबुर्गहून कॉन्स्टान्सकडे जाणारा 'श्वार्त्सवाल्डबान' हा मार्ग १८७३ मध्ये पूर्ण झाला. हॉर्नबेर्ग आणि सांक्ट गेओर्गन यांच्यात सरळ अंतर ११ किलोमीटर, रूळ मात्र २६ किलोमीटरचे. रोबेर्ट गेरविष नावाच्या इंजिनिअरने मार्ग डोंगरातच दोनदा वळवून घेतला, त्यामुळे चढ एकास पन्नासच्या (पन्नास मीटरला एक मीटर) वर जात नाही. "आपला एकास सदतीस, आणि तोही दहा वर्षं आधीचा," बाबांनी लगेच ऐकवलं. तरी १९२९ पर्यंत खंडाळ्याला गाडी उलटी फिरवावी लागायची, ती भानगड इथे नाही, हे त्यांनीच कबूल केलं. डबल डेकर गाडीत वरच्या मजल्यावर बसा. कुठल्या बाजूला, याची काळजी नको, गाडी इतकी वळते की दरी दोन्हीकडे येते.

ट्रीबर्गहून निघणारी रेल्वेची एक पायवाट आहे. तिच्यावर एका ठिकाणाहून रूळ तीन वेगवेगळ्या उंचींवर दिसतात. खाली लाल गाडी झाडीत शिरली. बाबांनी घड्याळ बघितलं. ती मधल्या टप्प्यावर निघाली, पुन्हा बोगद्यात गेली आणि शेवटी आमच्या डोक्यावरून. तीच गाडी, तेच डबे. बाबांनी डबे मोजले होते. मग ते म्हणाले, "पुढची येऊ दे." तासभर थांबलो. वाट चढाची आहे, चपला नकोत.

ट्रीबर्गचं स्टेशन दरीत आणि गाव वर आहे, बॅगा ओढत जाऊ नका, बस घ्या. धबधबा १६३ मीटरचा, टप्प्याटप्प्याने पडणारा. सकाळी लवकर गेलात तर खारी हातातून शेंगदाणे नेतात. कुकू घड्याळांच्या दुकानांत अर्धा तास पुरे. इथल्या बऱ्याच गावांत मुक्कामाच्या करासोबत कोनुस कार्ड मिळतं, त्यावर ब्लॅक फॉरेस्टमधल्या बस आणि लोकल गाड्या फुकट. तेवढंच फिरणार असाल तर पासही लागणार नाही.

शाकाहाऱ्यांनी केझ-श्पेत्सले मागवावं, घरगुती शेवयांवर चीज आणि परतलेला कांदा. बटाट्याच्या सॅलडपासून सावध, या भागात ते बहुतेक वेळा मांसाच्या पाण्यात करतात, मेनूत लिहितीलच असं नाही. त्यात 'ब्र्यूअ', म्हणजे असं पाणी, आहे का, असं विचारा. आणि ब्लॅक फॉरेस्ट केक. आईने पहिला घास घेतला आणि चमचा खाली ठेवला. "यात औषध आहे." औषध नव्हतं, चेरीची कडक दारू होती, आणि खऱ्या केकमध्ये ती असतेच. पुण्यातला केक वेगळा.

जर्मन गाड्या वेळेवर असतात, हा समज मात्र घरीच ठेवा. कार्ल्सरूहला आमची गाडी ५५ मिनिटं उशिरा आली. विमान असेल त्या दिवशी एक अख्खी गाडी चुकेल असं धरूनच निघा. रविवारी दुकानं बंद, दूध-ब्रेड शनिवारी आणा. प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, दुकानातल्या मशीनमध्ये टाकून परत घ्या.

पास दरमहा आपोआप पुढे चालू राहतो, म्हणून महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द करावा लागतो. मी माझा आणि आईचा आठवणीने केला, बाबांचा राहिला. ५८ युरो कापले गेले आणि ऑक्टोबरभर बाबा चिंचवडला गॅलरीत बसून जर्मनीत कुठेही फिरायला मोकळे होते.