गड उतरताना भरणाऱ्या मांड्या

पावसाळा सुरू झाला की लोहगड, सिंहगड, कळसूबाई या वाटांवर पहिल्यांदाच डोंगर चढणाऱ्यांची गर्दी होते. त्यांच्यापैकी अनेकांना सोमवारी सकाळी घराचा जिना उतरताना कठडा धरावा लागतो. नवख्या मंडळींना गडांवर नेण्याचे काम मी बरीच वर्षे करत आहे. प्रत्येक मोहिमेनंतर मला काय लावावे आणि कोणती गोळी घ्यावी हे विचारले जाते. दुखणे मुळात कशामुळे आले, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. पाय चढामुळे दुखतात असे जवळजवळ सर्वांनी धरून ठेवलेले असते. हा समज जाईपर्यंत तयारी चुकीचीच होत राहणार, असे माझे ठाम मत आहे.

चढताना दम लागतो, छाती धडधडते, घाम निथळतो. पण मांड्या भरून येतात त्या उतरण्यामुळे. खाली पाऊल टाकताना गुडघा वाकतो, आणि मांडीच्या पुढच्या बाजूचा स्नायू लांब होत असतानाच त्याला संपूर्ण शरीराचा भार रोखून धरावा लागतो. आखडताना जोर लावल्याने स्नायूला फारशी इजा होत नाही, परंतु ताणले जात असताना जोर लावावा लागला की त्याच्या तंतूंमध्ये अतिसूक्ष्म इजा होतात. त्या इजांमागोमाग दाह सुरू होतो आणि तेथील मज्जातंतू अधिक संवेदनशील बनतात. या सगळ्याला वेळ लागत असल्यामुळे वेदना त्याच संध्याकाळी फारशी जाणवत नाही. ती साधारणतः १२ ते २४ तासांनी सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळसाला पोहोचते आणि आठवड्याभरात ओसरते. १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईवरून बारी गावात उतरताना शिड्या, पायऱ्या आणि निसरडी पायवाट यांवर हा भार हजारो वेळा रोखला जातो.

स्नायूंत लॅक्टिक ॲसिड साचते म्हणून पाय दुखतात, हे व्यायामशाळांमध्ये आजही सर्रास सांगितले जाते. वास्तविक ते व्यायामानंतर तासाभरातच रक्तातून बरेचसे नाहीसे झालेले असते. शरीरक्रियाशास्त्रज्ञ थिओडोर हफ यांनी १९०२ मध्येच अशा उशिरा येणाऱ्या वेदनेचा संबंध स्नायूतील सूक्ष्म इजांशी जोडला होता. पुढे १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही जणांना ४५ मिनिटे एकदा सपाटीवर आणि एकदा उतारावर धावायला लावले गेले. सपाटीवर लॅक्टिक ॲसिड वाढले, पण पाय दुखले नाहीत. उतारावर ते वाढले नाही, तरी पाय दुखले.

म्हणून तयारी करायची ती उतरण्याची. इमारतीत राहणारी बरीच मंडळी सरावासाठी जिना चढतात आणि लिफ्टने खाली येतात. मी त्यांना चढणे सोडू नका, पण लिफ्टने खाली येणे सोडा, असे आवर्जून सांगतो. मोहिमेच्या तीन-चार आठवडे आधीपासून जिने सावकाश उतरावेत, बैठका काढताना खाली जाण्याचा वेग मुद्दाम कमी ठेवावा, आणि शक्य झाल्यास एखादी लहान टेकडी चढून-उतरून यावी. स्नायूंचा एक विलक्षण गुण येथे उपयोगी पडतो: अशा भाराचा एकदा अनुभव आला की पुढचे काही आठवडे तोच भार त्यांना पुष्कळच कमी बाधतो. पहिला अनुभव सौम्य असला तरी हे संरक्षण काही अंशी मिळते. त्यासाठी पहिल्याच दिवशी शंभर बैठका मारण्याचे काहीच कारण नाही, आणि तसे करणे घातक ठरू शकते.

प्रत्यक्ष उतरताना पावले लहान टाकावीत, गुडघे किंचित वाकलेले ठेवावेत, धावत सुटू नये आणि पाठपिशवीतील अनावश्यक ओझे आधीच काढावे. दोन काठ्या वापराव्यात, हा माझा आग्रह आहे. वेल्समधील स्नोडन पर्वतावर झालेल्या एका अभ्यासात काठ्या घेऊन चाललेल्यांचे स्नायू दुसऱ्या दिवशी कमी दुखले होते. महागड्या काठ्या नसल्या तरी मजबूत बांबू चालतो.

दुखणे आल्यानंतरचे उपाय वेदना हलकी करतात, इजा एका रात्रीत भरून काढत नाहीत. हलके चालणे, हलक्या हाताने मालिश आणि पुरेशी झोप यांनी बरे वाटते. थंड पाण्यात पाय बुडवून बसल्यानेही काहींना आराम पडतो. कोमट पाण्याचा शेक सुखद वाटत असेल तर जरूर घ्यावा. स्नायू ताणण्याच्या व्यायामांवर मात्र लोकांचा विश्वास अवाजवी आहे: अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला असता, ते आधी केले काय किंवा नंतर केले काय, या वेदनेत जाणवण्याजोगा फरक पडत नाही असे दिसले. वेदनाशामक गोळीची घाई करू नये. विशेषतः दिवसभर घाम गाळून पाणी कमी प्यायलेल्या अवस्थेत आयबुप्रोफेनसारखी औषधे मूत्रपिंडांना त्रास देऊ शकतात.

दोन्ही मांड्यांत सारखी पसरलेली, हालचालीबरोबर थोडी मोकळी होणारी वेदना काळजीची नसते. परंतु चालताना अचानक एका जागी कळ आली, सांधा सुजला किंवा त्या पायावर भारच देता येईना, तर ती वेगळी दुखापत समजून तपासून घ्यावी. याहून गंभीर म्हणजे वेदना असह्य होणे, स्नायू टणक सुजणे, पायांतील शक्ती जाणे आणि लघवी चहासारखी गडद होणे. अशा वेळी स्नायू मोठ्या प्रमाणावर विघटित होऊन त्यांतील द्रव्ये मूत्रपिंडांवर आघात करत असण्याची शक्यता असते, म्हणून घरगुती उपाय करत न थांबता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.