स्क्रॅच डिस्क फुल, आणि मी निघालो होतो रॅम घ्यायला

मागच्या आठवड्यात फोटोशॉपमध्ये हळदीची शीट, म्हणजे अल्बमचं पान, करत बसलो होतो. गंगापूर रोडच्या लॉन्सवरचं लग्न, १२ बाय ३६ चा अल्बम, आणि हळद म्हणजे तुम्हाला माहितीये, मुलीकडच्यांना सगळेच फोटो पाहिजे असतात, एकही गाळायचा नाही. एका शीटवर चौदा फोटो कोंबले, मागे झेंडूच्या माळा, प्रत्येक फोटोला सावली, वर ग्लो, आणि नवरीच्या फोटोवर लिक्विफाय (आकार ओढून-ताणून नीट करायचं फिल्टर) मारायला गेलो की फोटोशॉपने एक मेसेज दाखवून हात वर केले. ओके दाबलं, परत तेच. सेव्ह पण होईना राव.

मित्राला फोन केला तर तो म्हणे "आठ जीबी रॅमवर काय होतंय भो, सोळा कर." एमजी रोडच्या दुकानवाल्याने पण तेच सांगितलं, आणि त्याचा धंदाच तो आहे म्हणा. त्यात नवरीची आई दिवसातून दोनदा फोन करणार, "दादा, अल्बम कुठवर आला?" आला काकू, आला. गाडीची चावी हातात घेतली होती खरं सांगतो, निघता निघता म्हणलं एकदा तो मेसेज तरी नीट वाचू. त्यात रॅमचा शब्दच नव्हता! स्क्रॅच डिस्क फुल असं लिहिलेलं, आणि मी दोन दिवस न वाचताच ओके ओके करत होतो.

तर प्रकार असा की रॅममध्ये मावलं नाही की फोटोशॉप उरलेला माल डिस्कवर नेऊन ठेवतं, आणि ही जागा म्हणजेच स्क्रॅच डिस्क, आपण काही बदललं नसेल तर ती सी ड्राइव्हवरच असते. माझा सी म्हणजे १२० जीबीची छोटी एसएसडी, बघितलं तर लाल पट्टी, २ जीबी पण शिल्लक नाही. विंडोजची स्वतःची पेजफाइल (रॅममध्ये न मावलेला माल विंडोज ठेवतं ती फाइल) पण तिथेच, म्हणजे दोघं एकाच बाकावर बसायला भांडतायत. टेम्प फोल्डर उघडलं तर 'फोटोशॉप टेम्प' नावाच्या आणि पुढे आकडे असलेल्या फायली, मिळून ३८ जीबी! फोटोशॉप मधेच बंद पडलं की या मागे राहतात, आणि माझं तर रोजच पडत होतं. सॉफ्टवेअर पूर्ण बंद करून मगच उडवा हां, चालू असताना हात लावू नका. मग कंट्रोल के दाबून सेटिंग उघडली, स्क्रॅच डिस्कमध्ये डी ड्राइव्हला टिक, आणि फोटोशॉप रीस्टार्ट. कुणाचं फोटोशॉप उघडतानाच हे रडत असेल तर विंडोजवर सुरू करताना कंट्रोल आणि ऑल्ट दाबून धरायचं, डिस्क निवडायची खिडकी येते.

पण खरा घोळ पुढेच होता. शीटच्या खाली डावीकडे साइज दिसते ना, तिथे पहिला आकडा २२२.५ एमबी दाखवत होता. हे काही पटेना. १२ बाय ३६ इंच ३०० डीपीआयला म्हणजे ३६०० गुणिले १०८००, म्हणजे ३ कोटी ८८ लाख ८० हजार पिक्सेल, एका पिक्सेलला आरजीबीचे (लाल, हिरवा, निळा) तीन बाइट धरले तर १११ एमबीच्या आसपास यायला पाहिजे. बरोबर दुप्पट! तेव्हा ट्यूब पेटली, रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) मधून १६ बिटला, म्हणजे दर रंगाला एकाऐवजी दोन बाइट, असं उघडलेल्या फोटोवरच मी शीट बनवली होती. प्रिंटिंगच्या लॅबला शेवटी जेपीईजी जाणार, ती ८ बिटचीच असते, मग हा हमालीचा बोजा कशाला? मोड बदलून ८ बिट केलं आणि मशीनने श्वास सोडला.

अजून एक गाढवपणा माझाच. फोटोशॉपला किती रॅम द्यायची तो मेमरीचा स्लायडर मीच कधीतरी ९५ टक्क्यांवर नेऊन ठेवला होता, जास्त दिलं की जास्त पळेल म्हणून. विंडोजला आणि ब्राउझरला मग राहिलं काय, घंटा? ७० वर आणला, मुळात असतो तिथेच. हिस्टरी, म्हणजे अनडू करून मागे जायच्या पायऱ्या, ५० ची २० केली. एडिट मेनूत पर्ज (साठलेलं रिकामं करणं) आहे, त्याने पण जागा सुटते, फक्त हिस्टरी पर्ज केली की अनडू विसरा.

त्या साइजच्या जागी बाण दाबून एफिशियन्सी लावून ठेवा, १०० च्या खाली आला की समजायचं डिस्कवर काम चाललंय. माझा डी जुनी हार्ड डिस्क आहे त्यामुळे तेव्हा हळू चालतं, पण बंद पडत नाही. रॅम घेईन पुढेमागे, आठ जीबी कमीच आहे हे मान्य, पण ती घेतली असती तरी त्या ३८ जीबीच्या फायली तिथेच बसल्या असत्या.

शीट रात्री दीडला सेव्ह झाली, सकाळी काकूंना व्हॉट्सअॅपवर पाठवली. दहा मिनिटांत फोन, "छान झालीये दादा, फक्त मामांचा फोटो जरा मोठा करा ना, आणि आत्याचा पण."