भाऊबीज, पेनसिल्व्हेनिया आणि अकरा टक्के

२०२४ ची भाऊबीज ३ नोव्हेंबरला होती, रविवारी. रविवारचा आमचा फोन ठरलेला, दादा तिकडे अमेरिकेत सकाळी दहाला चहा घेऊन बसतो तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. आक्का सव्वासातपासूनच ताट घेऊन मोबाईलसमोर बसली, निरांजन दोनदा विझलं, अक्षता पोरांनी खाल्ल्या, फोन काही येईना. आला तो साडेआठला. तर म्हणे आजच पहाटे त्यांच्याकडे घड्याळं एक तास मागे केली, दरवर्षी नोव्हेंबरात करतात. आप्पांना हे अजून पटलेलं नाही. "तिकडं सूर्यबी सरकारलेच ईचारस का?" एवढंच म्हणाले आणि पानाचा डबा उघडला.

आता आधी घरातली एक गोष्ट सांगतो म्हणजे पुढचं कळेल. आमचं गाव अमळनेर तालुक्यात, घर एकत्र नाही पण विहीर सामाईक आहे, आप्पांची आणि नाना काकांची. २०२२ साली शिवसेना फुटली तेव्हा हे दोघं भाऊ पण फुटले, एक इकडच्या सेनेत एक तिकडच्या, आणि त्यापायी मोटार चालू करायच्या पाळीवरून जे काही बोलणं झालं ते इथे लिहीत नाही. तरी भाऊबीजेला नाना येतात, कारण आत्या येते. आणि २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं! म्हणून मायने दिवाळीच्या आधीच सांगून ठेवलेलं, या घरात सण संपेपर्यंत महाराष्ट्राचं नाव काढायचं नाही. अमेरिकेचं काय बोलायचं ते बोला.

आणि भो, बोलले ना मग.

दादा २००४ ला गेला. पेनसिल्व्हेनिया राज्यात, फिलाडेल्फियाच्या बाहेर, बक्स काउंटी म्हणून भाग आहे तिथे राहतो. ग्रीनकार्डाच्या, म्हणजे तिकडे कायम राहायच्या परवान्याच्या, रांगेत बारा वर्षं गेली, भारतीयांची रांग सगळ्यात लांब कारण कुठल्याही एका देशाला वर्षाच्या कोट्यातली सात टक्क्यांपेक्षा जास्त कार्डं मिळत नाहीत, मग देश आइसलँड असो की भारत. नागरिक झाला २०२२ ला. चिऊ, म्हणजे माझी पुतणी, तिथेच जन्मलेली म्हणून घरातली पहिली अमेरिकन तीच. म्हणजे २०२४ ची निवडणूक तिघांचीही राष्ट्राध्यक्षपदाची पहिलीच. आणि एका घरात तीन मतं तीन दिशेला.

ओवाळणं झालं (आक्काने निरांजन स्क्रीनवरून फिरवलं, माझ्या मोबाईलच्या काचेवर काजळी धरली ती वेगळी), मग वहिनीने टेबलावरचं पाकीट उचलून दाखवलं. करंज्यांच्या डब्याला टेकून ठेवलं होतं. पोस्टाने आलेली मतपत्रिका. ती आधी आतल्या पाकिटात टाकायची, त्यावर काही लिहायचं नाही, मग ते पाकीट बाहेरच्या पाकिटात, त्यावर सही आणि तारीख. आतलं पाकीट विसरलं तर मतच मोजत नाहीत म्हणे. आप्पा म्हणाले हे तर आहेराच्या पाकिटापेक्षा अवघड आहे. आक्काने विचारलं, "वहिनी, कोनले दिधं मग?" वहिनी म्हणाली पाकीट बंद आहे. दादा मागून म्हणाला, "बंद कसलं, सगळ्या गल्लीला माहितीये."

झालं, सुरू.

दादाचं म्हणणं साधं होतं. आम्ही बारा वर्षं रांगेत उभे राहिलो, एकेका कागदासाठी वकिलाला पैसे भरले, बाबा आजारी असताना व्हिसाच्या भीतीने इकडे येता आलं नाही (हे खरं आहे, २०११ ला आप्पांची बायपास झाली तेव्हा तो आला नव्हता आणि मायने ते कधी बोलून दाखवलं नाही), आणि कोणी सीमा ओलांडून आत येतो आणि राहतो. मग किराणा, मग घराच्या कर्जाचं व्याज. तो ट्रम्पला देणार होता. माणूस आवडतो का विचारलं तर म्हणाला, "माणूस नाही रे आवडत, ठेकेदार आपल्याला तरी कुठे आवडतो, रस्ता करतो का ते बघायचं."

वहिनीचं वेगळं. जून २०२२ मध्ये तिकडच्या सुप्रीम कोर्टाने गर्भपाताचा हक्क राज्यघटनेतून काढला आणि निर्णय एकेका राज्यावर सोडला, तेव्हापासून ती पेटलेली आहे, घरात एकोणीस वर्षांची पोरगी. शिवाय कमला हॅरिसची आई तमिळनाडूची. दादा म्हणाला, रंग बघून मत द्यायचं का? तर मग ट्रम्पचा उपराष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार व्हान्स, त्याची बायको उषा, तिचे आईबाप आंध्राचे, ते पण मोज. इथे आत्याने मध्येच विचारलं की म्हणजे दोन्हीकडच्या सुना आपल्याच का. कोणी दुरुस्त केलं नाही.

आणि चिऊ? ती गाझातल्या युद्धावरून दोन्ही उमेदवारांवर चिडलेली. ग्रीन पार्टीच्या जिल स्टाइनला देणार. दादा म्हणाला मत वाया, वहिनी म्हणाली मत वाया. नवराबायकोचं त्या दिवशी एवढं एकच जमलं.

या सगळ्यात आप्पांना एकच गोष्ट अडत होती. एडिसनला, न्यू जर्सीत, आमची मामेबहीण राहते, ती म्हणाली होती की माझ्या मताला काही किंमत नाही, आमचं राज्य ठरलेलंच आहे, दादाच्या राज्यावर सगळं आहे. आप्पा म्हणाले एक माणूस एक मत, त्यात कमीजास्त कसं? मी त्यांना प्रतिभाताईंवरून समजावलं. २००७ ला राष्ट्रपतीपदाला प्रतिभाताई पाटील उभ्या राहिल्या तेव्हा आपल्या आमदाराच्या मताची किंमत १७५ होती, खासदाराची ७०८, आणि सिक्कीमच्या आमदाराची फक्त ७. तसंच तिकडे, लोक मत देतात पण मोजतात ते राज्याराज्याला वाटून दिलेले प्रतिनिधी-मतदार, एकूण ५३८, जिंकायला २७०. पेनसिल्व्हेनियाचे १९. तिथे एका मताने जिंका की लाखाने, सगळे १९ तुमचे. एडिसनवाल्या न्यू जर्सीचे १४ बहुतेक ठरलेले असतात, म्हणून तिला कोणी विचारत नाही आणि दादाच्या दारावर महिनाभर प्रचाराची पोरं टकटक करत होती. २०१६ ला हिलरी क्लिंटनला जवळपास २९ लाख मतं जास्त पडून पण ती हरली ती यामुळेच.

समजावलं ते बरोबर, पण प्रतिभाताईंचं नाव काढायला नको होतं. नाडगावची बाई, २७ व्या वर्षी जळगावातून आमदार, मग एदलाबादहून (आताचं मुक्ताईनगर) कितीतरी वेळा, त्या उभ्या राहिल्या तेव्हा अख्ख्या खानदेशाला घरचं लग्न असल्यासारखं झालं होतं. ६,३८,११६ विरुद्ध ३,३१,३०६, भाजपच्या बाजूचे भैरोसिंह शेखावत हरले. आणि तेव्हा भाजपबरोबर असूनसुद्धा शिवसेनेने मत ताईंना दिलं, मराठी म्हणून. वहिनीने हे बरोब्बर पकडलं. "नाना, तेव्हा तुमच्या सेनेने आपली बाई म्हणून मत दिलं की नाही? मग मी दिलं तर काय झालं?" नाना गप्प. कारण 'तुमच्या सेनेने' म्हटल्यावर आप्पांनी नानांकडे पाहिलं आणि नानांनी आप्पांकडे, आणि २००७ ची ती एकच सेना होती. मायने लगेच चिवड्याचा डबा मध्ये ठेवला.

मला तेव्हा कळलं की इथे कोणी अमेरिकेवर भांडतच नाहीये. आप्पा हॅरिसकडून बोलायला लागले तसे नाना ट्रम्पकडून बोलायला लागले, आप्पांनी उद्या ट्रम्पला उचललं असतं तर नानांनी हॅरिसचा फोटो लावला असता. विहिरीचं, मोटारीचं, चिन्हाचं, सगळं त्या बिचाऱ्या पेनसिल्व्हेनियावर निघत होतं. आणि त्यात मजा अशी की आवाज चढले तरी कोणाला लागत नव्हतं, कारण आपले काय करनं शे! फुकटातलं भांडण.

एक गोष्ट मात्र दोघांनाही आवडली. वहिनीने सांगितलं की तिकडे मतदान नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारीच असतं, १८४५ चा कायदा आहे. तोवर पीक घरात आलेलं, रविवारी चर्च, बुधवारी बाजार, घोडागाडीने जाऊन यायला एक दिवस लागायचा म्हणून मंगळवार. आप्पा म्हणाले बघा, शेतकऱ्याला विचारून कायदा केला. आमच्याकडे २० नोव्हेंबर म्हणजे भर कापूस वेचणीत, बाया सभेला, कापूस झाडावर.

६ तारखेला सकाळी साडेसहाला तिकडची मतदान केंद्रं बंद झाली आणि आप्पांनी टीव्ही लावला. नकाशा लाल व्हायला लागला तर आप्पा घाबरले, त्यांच्या डोक्यात लाल म्हणजे लाल बावटा. मी सांगितलं तिकडे उलटं आहे, लाल म्हणजे ट्रम्पचा पक्ष. दुपारी एकच्या सुमारास पेनसिल्व्हेनिया पण गेलं. शेवटी ३१२ विरुद्ध २२६, अटीतटीची सातही राज्यं ट्रम्पकडे. दादाची बक्स काउंटी काहीशे मतांच्या फरकाने ट्रम्पची झाली, म्हणजे खरंच दाराला दार लागून वाटली गेलेली. दादा आणि वहिनीची मतं एकमेकांना खाऊन गेली, चिऊचं तिसरीकडे, म्हणजे घराचा हिशोब शून्य. वहिनी त्याच संध्याकाळी फॅमिली ग्रुपमधून लेफ्ट झाली. त्रिपुरी पौर्णिमेला परत आली, 'शुभेच्छा' एवढंच टाकलं.

हे सगळं मी विसरलो असतो.

पण २०२५ च्या ऑगस्टमध्ये ट्रम्पने भारताच्या मालावर आधी २५ आणि मग रशियाच्या तेलाच्या नावाने आणखी २५, असा ५० टक्के कर बसवला. कापडगिरण्या ओरडल्या. आणि आपल्या सरकारने बाहेरून येणाऱ्या कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्टपासून काढून टाकलं, आधी सप्टेंबर अखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. कारण दिलं की कापड उद्योगाला कापूस मिळाला पाहिजे. आम्हाला पण कळतं की तो उद्योग चालला पाहिजे, पण नेमका आमचा कापूस फुटायच्या वेळेला? हमीभाव लांब धाग्याला क्विंटलला ८११० होता आणि व्यापारी दारात येऊन ओलं आहे, पिवळं आहे, म्हणत त्याच्या कितीतरी खाली मागत होता. आणि सप्टेंबरात तिकडे नव्या एच-वन-बी व्हिसाला, म्हणजे तिकडे नोकरीला जायच्या परवान्याला, एक लाख डॉलर फी लावली. नानांचा धाकटा पुण्यात कंपनीत आहे, त्याला जानेवारीत पाठवतो म्हणाले होते. आता त्याबद्दल कोणी बोलत नाही, तो पण नाही.

तर त्या वर्षीची भाऊबीज, २३ ऑक्टोबर, गुरुवार. ओसरीत कापूस छताला टेकलेला, आम्ही सगळे मधल्या खोलीत दाटीवाटीने. फोन वेळेवर आला, घड्याळं अजून फिरायची होती. आक्काने ओवाळलं, या वेळी मोबाईलवर प्लास्टिक लावून. नाना कोपऱ्यात बसून धोतराला चिकटलेल्या सरकीच्या कवड्या एकेक करून काढत होते. थोडा वेळ कोणीच काही बोललं नाही, मग आप्पांनीच विचारलं, अगदी हळू आवाजात, कापसाचा भाव विचारावा तसं, "काय रे भो, त्या अकरा टक्क्यांचं काय म्हनतस तुमच्याकडं?"

दादा हसला पण नाही. त्याने फोन वहिनीकडे दिला. वहिनी म्हणाली, "आप्पा मला नका विचारू, माझं पाकीट वेगळं होतं," आणि मागून चिऊ काहीतरी इंग्रजीत बोलली, आणि नानांनी मान वर केली, आणि तेवढ्यात मायने हात पुसत पुसत येऊन सांगितलं की आजपासून या घरात अमेरिका पण बंद.

मग सगळे पावसावर बोलले. परतीचा पाऊस, किती मिलिमीटर, कोणाच्या शिवारात किती. दादाकडे पण पडून राहिला होता म्हणे.