मोटरवरचं पॅनोरमा हेड : नाथसागरासाठी जुळणी

पैठणला नाथसागराच्या काठावरून ३६० अंशांचा पॅनोरमा जोडायला घेतला की हगिन (फोटो जोडून पॅनोरमा बनवणारं सॉफ्टवेअर) पाण्यापाशी अडतं. निम्म्या फोटोंत नुसतं पाणी आणि आभाळ. लाटा दर फोटोत बदलतात, त्यामुळे कंट्रोल पॉइंट, म्हणजे शेजारच्या दोन फोटोंत सारखे दिसणारे बिंदू, मिळतच नाहीत. ट्रायपॉडवर कॅमेरा फिरवणाऱ्या हेडला मोटर हवी ती यासाठी. प्रत्येक फोटोचा कोन आधीच ठाऊक असेल तर त्या फ्रेमचा यॉ (आडवा फिरण्याचा कोन) हगिनमध्ये हाताने भरता येतो. हगिनकडून जुळणी ऑप्टिमाइझ करून घेताना मात्र तो मोकळा सोडू नका, नाहीतर फ्रेम भलतीकडे जाते.

सध्याची जुळणी अशी: नेमा १७ स्टेपर मोटर (ठरावीक पावलांनी फिरणारी, फेरीला २०० स्टेप), ती चालवणारा ए४९८८ ड्रायव्हर १६ मायक्रोस्टेपवर (एका स्टेपचे १६ भाग), मोटरला २० दात्यांची पुली, हेडला १०० दात्यांची, मध्ये जीटी२ बेल्ट. म्हणजे हेडच्या एका फेरीला १६,००० मायक्रोस्टेप. क्रॉप सेन्सर, १८ मिमी लेन्स आणि कॅमेरा उभा धरला तर आडवा कोन साधारण ४५ अंश भरतो. ३० अंशांवर एक, असे १२ फोटो घेतले की एक तृतीयांश ओव्हरलॅप मिळतो.

१६,००० भागिले १२ म्हणजे १३३३.३३. दर वेळी १३३३ सरकवत गेलात तर फेरीअखेर ४ मायक्रोस्टेप कमी पडतात. २४ मेगापिक्सेलच्या फोटोत हा फरक सुमारे ८ पिक्सेलचा होतो आणि शेवटच्या जोडावर उघडा पडतो. म्हणून प्रत्येक जागा शून्यापासून मोजा: क्रमांक (पहिल्या फोटोचा ०) गुणिले १६,०००, भागिले १२. इथेच दुसरा खड्डा आहे. मोटरला हुकूम देणाऱ्या आर्डुइनो नॅनो बोर्डावर 'इंट' प्रकारचा पूर्णांक ३२,७६७ पर्यंतच जातो, त्यामुळे तीन फोटो नीट होतात आणि चौथ्याला गुणाकार ४८,००० झाला की आकडा उणे होऊन हेड उलटं पळतं. वायरिंग तपासत बसू नका, प्रोग्राममधला व्हेरिएबल 'लाँग' (मोठा पूर्णांक) करा.

बेल्टची ढील काढायला सुरुवातीला हेड २०० मायक्रोस्टेप मागे नेऊन पुन्हा शून्यावर आणा, पुढे दिशा बदलू नका. फोटोंच्या मधल्या वेळात मोटरचा करंट तोडू नका, वाऱ्याने हेड सरकतं. थांबल्यावर दोन सेकंदांनी शटर. शटरची वायर पीसी८१७ ऑप्टोकपलरमधून (फक्त प्रकाशाने सिग्नल पुढे देणारा भाग) घेतली की मोटरचा १२ व्होल्ट कॅमेऱ्यापर्यंत पोचत नाही. ड्रायव्हरच्या मोटर सप्लायवर १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवाच. ड्रायव्हर बोर्डावरचा करंट मोजणारा सेन्स रेझिस्टर ०.१ ओहमचा असेल तर मोटरच्या ०.८ अँपियरसाठी व्हीरेफ (करंटची मर्यादा ठरवणारा व्होल्टेज) ०.६४ व्होल्ट ठेवा. स्वस्त बोर्डांवर रेझिस्टर वेगळा असतो, आधी तो वाचा.

मे महिन्यात पीएलएचा (थ्रीडी प्रिंटिंगचं प्लास्टिक) ब्रॅकेट बंद गाडीत ठेवू नका. साठ अंशांच्या आसपास तो मऊ पडतो, बेल्ट ढिला होतो आणि सगळे कोन चुकतात. पीईटीजी हे दुसरं प्लास्टिक ८० अंशांपर्यंत टिकतं. काळ्या मातीत ट्रायपॉडच्या पायांखाली फरशीचे तुकडे ठेवा.

पाण्यासमोर जवळचं काही नसतं, म्हणून नोडल पॉइंट (लेन्समधला असा बिंदू, ज्याभोवती कॅमेरा फिरवला तर जवळच्या-लांबच्या वस्तू एकमेकांपासून सरकत नाहीत) थोडा चुकला तरी चालतं. वेरूळच्या खांबांत चालणार नाही. तिथे ट्रायपॉडची परवानगी काढण्याआधीच गच्चीवर जवळचा गज आणि लांबचा विजेचा खांब एका रेषेत धरून रेल (कॅमेरा पुढे-मागे सरकवायची पट्टी) बसवून घ्या. कॅमेरा फिरवताना दोन्ही एकमेकांपासून सरकले नाहीत की जागा बरोबर. झूम रिंगला टेप लावा, कारण झूम हलला की तो बिंदूही हलतो.

वर-खाली फिरणाऱ्या अक्षाची मोटर अजून बसायची आहे.