“कुठून काढलास?” : बडोद्यातले दोन दिवस

दांडिया बाजारात मामाच्या घरी पोचलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, “बसायला मिळालं ना गाडीत?” आणि दुसरा, “सेव-उसळ आज की उद्या?” या खेपेला मी म्हटलं, “परवा. उद्या आम्ही दोघं माती खणायला चाललोय.”

“डोंबिवलीहून इतक्या लांब, माती खणायला?” मामाने चष्मा कपाळावर चढवून विचारलं. मामीने आतून सांगितलं, “खणू दे हो. खात नाही तोवर ठीक आहे.”

झालं असं, की घरच्या ग्रुपवर मामेबहिणीने एक पत्रक टाकलं होतं. कुटुंबांसाठी आणि मोठ्यांसाठी पुरातत्त्वाची हातांनी करायची कार्यशाळा, वय आठपासून पुढे कितीही. आमचे चिरंजीव अकरा वर्षांचे, घराच्या गॅलरीतली कुंडी उकरून डायनासोर शोधण्याच्या वयातून नुकतेच बाहेर पडलेले. (पुरातत्त्वात डायनासोर नसतात, हे कळल्यावर त्याचा अर्धा उत्साह ठाण्यालाच उतरला.) मला मात्र स्वतःसाठीच जायचं होतं. शाळेत इतिहासाच्या पुस्तकात ‘उत्खननात सापडलेली भांडी’ असं एक धुरकट चित्र असायचं. ती भांडी म्हणे कोणीतरी मातीतून बाहेर काढली. पण कशी, ते कुणी सांगितलंच नाही.

जानेवारीचा पहिला आठवडा होता. बडोद्यात उत्तरायणाची तयारी सुरू, रस्त्याच्या कडेला फिरक्यांवर गुलाबी मांजा सुकत होता. शनिवारी सकाळी निघताना मामाही चपला घालून दारात उभा. “मी नुसता खुर्चीत बसून राहीन,” म्हणाला. हातात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा. मला वाटलं, नाश्ता.

कार्यशाळा अकोट्यात, एका शाळेच्या पटांगणात. जागा मुद्दाम निवडलेली असावी. आज अकोटा म्हणजे बंगले, फ्लॅट आणि उड्डाणपूल, पण एके काळी हेच मोठं गाव होतं, अंकोट्टक. राष्ट्रकूट राजा कर्काच्या इसवी सन ८१२ च्या ताम्रपटात वटपद्रक नावाचं एक खेडं दान दिल्याची नोंद आहे, आणि हे खेडं अंकोट्टकाच्या चौऱ्यांशी गावांतलं एक. ते वटपद्रक म्हणजे आपलं बडोदं. मामाला हे ऐकून मनापासून वाईट वाटलं. साठ वर्षं तो अकोट्याला ‘नदीपलीकडचं’ म्हणत आला होता.

शिकवणारी ताई तिशीतली, महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागात शिकलेली. हा विभाग १९५० चा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वज्ञ संकलियांच्या हाताखाली तयार झालेल्या सुब्बारावांनी तो उभा केला आणि सुरुवातीच्या काळात इथेच अकोट्यात खणलं. ताईचं मराठी अस्सल बडोद्याचं, प्रत्येक दुसऱ्या वाक्याला ‘ने’ लागणारं. “थापी अशी धरायची ने, टोक खाली नाही, कड खाली.”

खड्डा अर्थातच खोटा. खऱ्या जागी सरकारी परवान्याशिवाय कुदळ लावता येत नाही. विटांचा दोन मीटर लांब-रुंद हौद बांधून त्यात मातीचे थर भरले होते. तळाला काळी माती, वर पिवळी गाळाची, मग राख, मग विटांचा चुरा. दोरीने चार चौकोन आखलेले, कोपऱ्यांत खुंट्या. प्रत्येक गटाला एक थापी, दोन ब्रश, सुपली, घमेलं आणि चाळण. आमच्या चौकोनात आम्ही दोघं, एक निवृत्त बँकवाले काका आणि बारा वर्षांची एक मुलगी. ती पहिल्या पाच मिनिटांत आमची सगळ्यांची साहेब झाली.

खणणं हा शब्दच चुकीचा आहे. भाकरी उलटताना उलथनं जसं सपाट घालतो, तशी थापी मातीवर सपाट ठेवून आपल्याकडे ओढायची. एका वेळी बोटाच्या नखाएवढी माती निघाली पाहिजे. पूर्ण चौकोन एकसारखा खाली गेला पाहिजे. मधेच कुठे विहीर पाडायची नाही. रंग बदलला की थांबायचं. पिवळ्यात मधेच काळा गोल दिसला, तर तो खांबाचा खड्डा असेल, चूल असेल, किंवा उंदराचं बीळ असेल. उंदरांबद्दल ताई फार पोटतिडकीने बोलली. वरच्या थरातली वस्तू खाली आणि खालची वर नेऊन ठेवण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही.

अर्ध्या तासाने माझे गुडघे बोलायला लागले. शेजारच्या आणि आमच्या चौकोनामध्ये एक न खणलेला पट्टा होता, कट्ट्यासारखा. मी त्यावर टेकले. हातभर माती खाली आली. हा पट्टा म्हणजे ‘बाल्क’. तो शेवटपर्यंत उभा ठेवतात, कारण त्याच्या बाजूच्या उभ्या कापात सगळे थर चिरोट्याच्या पापुद्र्यांसारखे एकावर एक दिसतात आणि त्यावरूनच कागदावर चित्र काढायचं असतं. आमची बारा वर्षांची साहेब शांतपणे म्हणाली, “काकू, तुम्ही गुप्तकाळ पाडला.”

आणि मग चिरंजीवांना मणी सापडला. लालबुंद, अकीक दगडाचा, वाटाण्याएवढा. तो दोन बोटांत उंच धरून तो अख्ख्या पटांगणात ओरडत फिरला. ताई हसत आली आणि विचारलं, “कुठून काढलास?”

“मातीतून!”

“हो ने, पण कुठून? राखेतून की पिवळ्यातून? कुठल्या खुंटीपासून किती?”

त्याने खड्ड्याकडे पाहिलं. तिथे आता चार जणांच्या चार थाप्या फिरून गेल्या होत्या. ताई रागावली नाही. एक कागदी पाकीट काढलं, त्यात मणी टाकला आणि त्याच्याच हातात पेन देऊन वर लिहायला लावलं, “थर माहीत नाही.” राखेत सापडला असता तर चुलीपाशी कुणी तुटलेली माळ ओवत बसलं होतं का, असं विचारता आलं असतं. बिळात सापडला असता तर काहीच विचारता आलं नसतं. आता तो नुसता सुंदर मणी होता. चिरंजीव तासभर रुसून चाळणीपाशी बसला, पण त्यानंतर सापडलेल्या प्रत्येक खडूएवढ्या विटेच्या तुकड्यालाही दोन खुंट्यांपासूनचं अंतर आणि खोली, अशी तीन मापं घेतल्याशिवाय त्याने हात लावला नाही.

बँकवाल्या काकांनी मधल्या सुट्टीत सगळ्यांच्या मनातला प्रश्न विचारला. घर बांधताना पायात हंडा सापडला तर? ताईने १८७८ चा निखात निधीचा, म्हणजे पुरलेल्या धनाचा, कायदा सांगितला. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. दहा रुपये! काका म्हणाले, “म्हणजे हंड्यातला चहासुद्धा कळवायला लागेल.”

दुपारी खंभातचा एक कारागीर आला होता. खरं सांगायचं तर मला दिवसभरातलं हेच सगळ्यात आवडलं. अकीक राजपीपळ्याच्या डोंगरातून, रतनपूरकडून येतो. येतो तेव्हा मळकट, पिवळट. उन्हात वाळवून, मग मडक्यात राखेबरोबर घालून शेणाच्या गोवऱ्यांच्या मंद आगीत भाजला की त्यातलं लोह तांबडं होतं. मग जमिनीत एक लोखंडी खिळा तिरका पुरायचा, दगड त्याच्या टोकाला टेकवायचा आणि वरून म्हशीच्या शिंगाच्या डोक्याची हातोडी मारायची. म्हणजे घाव वरून बसतो आणि कपची खालून, खिळ्याच्या बाजूने उडते. हातोडी पडते तिथे दगड फुटतच नाही. मी तीनदा मारलं, दोनदा खिळ्यावर आणि एकदा अंगठ्यावर. भोक पाडायला धनुकलीने फिरवायचं गिरमिट, टोकाला हिऱ्याच्या कण्या. केनॉयर, विदाले हे परदेशी पुरातत्त्वज्ञ आणि बडोद्याच्याच विभागातले कुलदीप भान यांनी खंभातच्या कारागिरांसोबत बसून हडप्पाकाळचं मणीकाम समजून घेतलं होतं, ते ताईने सांगितलं. हडप्पाकाळी हिरा नव्हता, एका खास कठीण दगडाचं टोक वापरायचे. केनॉयर यांच्या प्रयोगांत तशा टोकाने तासाला जेमतेम अडीच मिलिमीटर भोक पडलं. म्हणजे बोटभर लांब मण्याला कित्येक दिवस. चिरंजीवांनी खिशातल्या पाकिटाकडे पाहिलं आणि ते परत नीट घडी घालून ठेवलं.

शेवटचा तास खापरांचा. पाटावर शंभरेक खापरं पसरली होती, खरी, जुनी. “ही अनाथ खापरं,” ताई म्हणाली. कुठल्या थरातून आली ते हरवलं म्हणून अभ्यासाला निरुपयोगी, आणि म्हणून शिकवायला ठेवलेली. काठ, गळा, पोट, बूड असे चार ढीग करायचे. बायकांना हे शिकवावं लागलं नाही. काठाचा तुकडा असला तर तो एकात एक अर्धवर्तुळं काढलेल्या कागदावर उभा धरायचा. जिथे तो वक्राशी जुळेल, तेवढ्या व्यासाचं भांडं. माझ्या हातातला दोन इंची तुकडा अठरा सेंटिमीटरला बसला आणि एकदम ते भांडं मला दिसलंच, साधारण आपल्या आमटीच्या पातेल्याएवढं. आत काळी आणि बाहेर लाल खापरंही होती. भांडं उपडं ठेवून भाजलं की आत हवा पोचत नाही, म्हणून आतून काळं राहतं. आणि एक गुळगुळीत लाल, चकचकीत. गुजरातेत पहिल्या काही शतकांतली हमखास खूण.

तेव्हा मामा खुर्चीतून उठला. डबा उघडला. आत नाश्ता नव्हता. वर्तमानपत्राच्या तुकड्यांत गुंडाळलेली सात-आठ खापरं, दोन काचेचे मणी, एक काळा चकाकणारा गारगोटीचा तुकडा. त्यांतलं एक खापर तसंच, लाल, चकचकीत.

“मी दहा-अकरा वर्षांचा होतो,” तो म्हणाला. “तेव्हा इकडे वस्ती नव्हती. पावसानंतर पोरं नदी ओलांडून यायचो. टेकाडावर हे असंच पडलेलं असायचं.” विश्वामित्रीत तेव्हाही मगरी होत्या, हे त्याने नंतर घरी मामीला सांगितलं, आणि साठ वर्षांनी त्यावरून बोलणी खाल्ली.

ताईने खापर उलटसुलट पाहिलं, काठावर बोट फिरवलं, आणि अगदी हळू विचारलं, “काका, कुठून?”

“अकोट्यातून.”

“हो, पण टेकाडाच्या कुठल्या बाजूने?”

मामाने आजूबाजूला पाहिलं. समोर कंपाउंड वॉल, त्यापलीकडे चार मजली इमारत, त्यावर पतंग उडवणारी पोरं. टेकाड कुठे होतं तेच कळेना. “लिहून ठेवा,” ताई म्हणाली, “जेवढं आठवतं तेवढं. आठवतं असं वाटतंय, असंही लिहा.”

रविवारी कार्यशाळेच्या बसने चांपानेरला गेलो. महमूद बेगड्याने १४८४ मध्ये पावागड घेतल्यावर पायथ्याशी वसवलेली राजधानी. १५३५ मध्ये हुमायूनने लुटली आणि मग जंगलाने गिळली. २००४ पासून जागतिक वारसा. सगळे जामी मशिदीपाशी फोटो काढत होते, आम्ही अमीर मंझिलच्या पायांवर टेप धरून बसलो. हा वाडा बडोद्याच्या विभागाने रमणलाल मेहतांच्या काळात खणून काढला. पाण्याचे पाट, बागेचे चौक, आता गुडघाभर उंचीच्या भिंती. नकाशा काढायला मला दोन तास लागले आणि तो चुकला. वर कालिका मातेला गेलो नाही. रोपवेची रांग पाहूनच माघार घेतली. मामीने नमस्कार सांगितला होता, तो खालूनच पोचता केला.

परत आल्यावर संध्याकाळी बंद व्हायच्या आत कमाटीबागेतल्या संग्रहालयात धावत शिरलो. अकोट्यात १९५१ साली सापडलेल्या ६८ जैन कांस्यमूर्तींपैकी काही पाहिल्या. जीवंतस्वामी, म्हणजे राजवस्त्रांतला, अजून घर न सोडलेला महावीर. इतका शांत की आमच्या शेजारचा गोंगाट त्यानेच बंद केला. अकोट्यालाच एका रोमन भांड्याची कांस्याची मूठ मिळाली होती, तिच्यावर डॉल्फिनवर बसलेला प्रेमदेव इरॉस. विश्वामित्रीच्या काठी! ती एखाद्या पोराच्या बिस्किटाच्या डब्यात गेली असती तर, हा विचार मामाच्या आणि माझ्या मनात एकाच वेळी आला असावा, कारण तो एकदम देवमाशाच्या सांगाड्याकडे चालू लागला.

सेव-उसळ रात्री झाली. तिखट, वर कांदा, पाव वेगळा. घरी येऊन मामा पेन्सिल घेऊन डब्यापाशी बसला. “अकोटा. १९६३ चा पावसाळा संपल्यावर. टेकाड, नदीकडची बाजू.” एवढं लिहून थांबला. मग अहमदाबादेत असलेल्या बालमित्राला फोन लावला. साडेदहा वाजले होते.

“नदीकडची कसली?” मित्राचा आवाज बाहेरच्या खोलीपर्यंत येत होता. “आपण रेल्वेच्या बाजूने चढायचो! आणि ते लाल खापर मला सापडलं होतं!”

मी झोपले तेव्हा दोघांचं भांडण चालूच होतं. सकाळी गाडीसाठी निघताना डबा पाहिला. आत दोन चिठ्ठ्या होत्या.